वॉर्निंग घालवायला सगळीकडे = ० टाकावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कॉलेजचा नेहमीचा वीजबिलाचा सी भाषेतला प्रोग्राम आहे. १०० युनिटपर्यंत दर ३ रुपये, त्यापुढे ३०० पर्यंत ५, त्यापुढे ५०० पर्यंत ८, आणि त्याच्यावर १२. जो दर लागेल तोच सगळ्या युनिटना लावायचा (खरं बिल टप्प्याटप्प्याने लागतं, पण ते असाइनमेंट देणाऱ्या सरांचं सरांना माहीत). तुमच्याकडे विंडोजवर कोडब्लॉक्समध्ये (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर, आत जीसीसी हा कंपायलर) एकही वॉर्निंग आली नाही, दोन-चार आकडे टाकून बघितले तेही बरोबर आले. मित्राने तीच फाइल मॅकवर डब्ल्यू-ऑल (जास्त वॉर्निंग दाखव) आणि ओ-टू (कोड ऑप्टिमाइझ करून वेगवान कर) हे फ्लॅग लावून कंपाइल केली तर 'दर' हे व्हेरिएबल अनइनिशियलाइज्ड, म्हणजे व्हॅल्यू न देताच, वापरलं जातंय अशी वॉर्निंग आली, आणि ५०० युनिटचं बिल तुमच्याकडे ०.०० आलं, त्याच्याकडे ६०००.००. त्यावर मित्राचा सल्ला असा की डिक्लेअर करतानाच दर = ० करून टाक. तुम्ही केलंत, वॉर्निंग गेली, आता दोन्हीकडे ०.०० येतंय. आणि तुम्ही विचारताय की मग ही सवय सगळ्याच व्हेरिएबलना लावावी का.

५०० युनिटचं बिल किती यायला हवं ते आधी कागदावर काढा. तुमच्याच नियमाने ५०० गुणिले ८, म्हणजे ४०००. आधीचे दोन्ही आकडे चुकीचे होते आणि आत्ताचा, दोन्ही मशीनवर अगदी एकमताने येणारा आकडाही चुकीचाच आहे. चूक जिथे होती तिथेच आहे, फक्त ती दाखवणारा गेला.

तुमच्या कोडमधली तिसरी अट आहे युनिट > ३०० आणि युनिट < ५००. चौथी अट आहे युनिट > ५००. बरोबर ५०० टाकलं की तिसरी खोटी, चौथीही खोटी, आणि शेवटी नुसता एल्स नाहीच. म्हणजे चारपैकी एकाही ब्रांचमध्ये न शिरता गाडी थेट गुणाकाराच्या ओळीवर येते आणि तोवर 'दर'मध्ये कोणी काही ठेवलेलंच नसतं. मॅकवरच्या वॉर्निंगने हेच सांगितलं होतं, शब्दशः: शेवटच्या इफची अट खोटी ठरली तर हे व्हेरिएबल अनइनिशियलाइज्ड वापरलं जाईल. इतकं नेमकं बोट ठेवणारी वॉर्निंग नशिबाने मिळते हो.

मित्राला फार बोलू नका मात्र, कारण हा सल्ला त्याला कंपायलरनेच दिलाय. मॅकवर टर्मिनलमध्ये जीसीसी टाइप केलं तरी पाठीमागे चालतो तो अॅपलचा क्लँग, म्हणजे दुसराच कंपायलर, आणि या वॉर्निंगच्या खाली क्लँग सल्ला देणाऱ्या दोन नोट छापतो. पहिली म्हणते, ही अट कायम खरीच असेल तर इफ काढून टाका. दुसरी म्हणते, वॉर्निंग गप्प करायची तर व्हेरिएबल इनिशियलाइझ करा, आणि शेजारी = ०.० असं तयार करूनही देतो. लोक दुसरी नोट कॉपी करतात, पहिली वाचतही नाहीत. तुमच्या कामाची पहिली होती, कारण ती विचार करायला लावते की ही अट खरंच कायम खरी असते का. नसते, ५०० ला नसते.

आता तुमच्याकडे वॉर्निंग का नाही आली. एक तर तुमच्या बिल्ड सेटिंगमध्ये डब्ल्यू-ऑल बहुतेक टिक केलेलं नसणार. दुसरं असं की ते टिक केलं असतं तरी आली नसती, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीसीसीमध्ये या बाबतीत दोन वेगळ्या वॉर्निंग आहेत, एक 'नक्की अनइनिशियलाइज्ड' आणि एक 'कदाचित अनइनिशियलाइज्ड', जीसीसी ४.७ पासून त्या वेगळ्या केल्यात. तुमची केस 'कदाचित'वाली, कारण काही रस्त्यांवर व्हॅल्यू मिळते आणि एका रस्त्यावर नाही. ही दुसरी वॉर्निंग जीसीसी ऑप्टिमायझेशन करताना कोडचे जे रस्ते मांडतो त्याच्या जोरावर काढतो, त्यामुळे ओ-झिरोवर (म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना) ती मिळतच नाही असं धरून चाला. म्हणजे नवशिका माणूस डीबग बिल्ड करतो, त्याला वॉर्निंगची सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमकं त्यालाच काही दिसत नाही. क्लँगचं तसं नाही, तो हे विश्लेषण ऑप्टिमायझरच्या आधीच करतो म्हणून ओ-झिरोवरही बोलतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये नक्की वाली वॉर्निंग सी४७०० पहिल्याच लेव्हलला आहे पण 'कदाचित' वाली सी४७०१ चौथ्या लेव्हलला, म्हणजे लेव्हल वाढवल्याशिवाय ती पण नाही.

डब्ल्यू-ऑल या नावावरून सगळ्या वॉर्निंग चालू होतात असंही वाटतं, तसं नाहीये. डब्ल्यू-एक्स्ट्रा वेगळा द्यावा लागतो, आणि त्यानंतरही बऱ्याच उरतात.

एकाकडे ० आणि दुसऱ्याकडे ६००० का, हे समजून घ्या कारण कॉलेजात 'गार्बेज व्हॅल्यू येते' एवढं सांगून विषय संपवतात. ओ-झिरोवर 'दर'ला स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) खरीखुरी जागा मिळते आणि त्या जागेत आधीच्या फंक्शनने जे टाकलं असेल ते सापडतं. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसला नवीन मेमरी देते ती शून्य करून देते, नाहीतर दुसऱ्या प्रोसेसचा डेटा दिसेल, त्यामुळे आधी कोणी न वापरलेल्या जागेत ० मिळणं अगदी सहज घडतं. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलना शून्य मिळेल ही भाषेची हमी आहे, लोकलला अशी कुठलीच हमी नाही. तुम्हाला मिळालेला ० हा योगायोग, मुख्य फंक्शनमध्ये वर एखादा प्रिंटएफ वाढवलात तरी तो बदलू शकतो.

ओ-टूची गोष्ट वेगळी आहे, तिथे गार्बेज वगैरे काही नाहीच. ज्या लोकल व्हेरिएबलचा अॅड्रेस कुठे घेतलेला नाही ते व्हॅल्यू न देता वाचलं तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही, असं सी-११ मध्ये (भाषेच्या २०११ च्या नियमावलीत) स्पष्ट लिहिलंय. कंपायलर याचा अर्थ असा घेतो की असं कधी घडणारच नाही. मग चौथ्या अटीशी आल्यावर त्याला दिसतं की अट खरी असेल तर दर १२, आणि खोटी असेल तर काहीही चालेल. 'काहीही' मध्ये १२ पण आलेच, मग तपासायचं तरी कशाला. अट उडाली, राहिलेले सगळे १२ वर, म्हणून ५०० गुणिले १२ बरोबर ६०००. बघा, आकडा किती सभ्य दिसतोय. उणे अब्जावधी वगैरे आलं असतं तर तुम्ही लगेच शोधायला लागला असता.

याचा सगळ्यात छोटा नमुना स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. एक फंक्शन लिहा, आत एक इंट डिक्लेअर करा, काही देऊ नका, मग अट खरी असेल तर त्यात ५ टाका, आणि शेवटी ते रिटर्न करा. बस. हा उघडउघड बग आहे, पण जीसीसीवर ही जुनी आणि प्रसिद्ध तक्रार आहे की ओ-टूवर तो बिनशर्त ५ रिटर्न करणारा कोड काढतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, कारण वॉर्निंग तपासायची वेळ येईपर्यंत ऑप्टिमायझरने तो दुसरा रस्ताच पुसलेला असतो. ओ-झिरोवरही गप्प, ते वर सांगितलंच. क्लँगला तोच कोड द्या, लगेच ओरडेल. म्हणून माझ्याकडे ज्या प्रोजेक्टचं टार्गेट जीसीसी असतं तिथेही क्लँगने एक बिल्ड नुसता वॉर्निंगसाठी चालवतो. दोघांच्या आंधळ्या जागा वेगळ्या आहेत.

तर मग = ० ची सवय. माझं मत विरोधात आहे, पण सरसकट नाही.

बेरीज साठवणाऱ्या व्हेरिएबलला ० द्या, काउंटरला द्या, कारण तिथे ० ही खरी सुरुवातीची व्हॅल्यू आहे, 'अजून काही मोजलं नाही' असा तिचा अर्थच आहे. पॉइंटरला (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) नल, म्हणजे रिकामा पत्ता, द्या, विशेषतः जिथे एरर आली की गोटूने खाली क्लीनअपला उडी मारायची आणि तिथे फ्री करायचं अशी रचना असते, कारण फ्रीला नल दिलेला चालतो आणि गार्बेज दिलेला चालत नाही. स्ट्रक्चरला कर्लीमध्ये शून्य देऊन सुरुवात करणंही चांगलंच, बहुतेक फील्डना शून्य म्हणजे 'सेट केलेलं नाही' असा अर्थ असतो. पण 'दर'ला शून्य? शून्य दराचा ग्राहक तुमच्या नियमात कुठे आहे? नाहीये. जिथे शून्याला अर्थ नाही तिथे शून्य टाकणं म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावणं.

आणि दिवा कायमचा झाकला जातो हे लक्षात घ्या. एकदा = ० टाकलं की कंपायलरच्या दृष्टीने व्हेरिएबलला व्हॅल्यू मिळाली, विषय संपला. प्रोग्राम चालवताना अशा चुका पकडणारी टूल्स आहेत, व्हॅलग्राइंड आणि मेमरी सॅनिटायझर, तीही काही बोलणार नाहीत. पुढच्या वर्षी कोणी पाचवा स्लॅब घातला आणि अट परत चुकली तरी कोणी सांगणार नाही. व्हेरिएबल मुद्दाम रिकामं ठेवलं तर यातली प्रत्येक गोष्ट तुमच्यासाठी पहारा देते.

मी एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्राम) काम करतो, तिथलं एक उदाहरण देतो. एका कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोलरचा जुना कोड आमच्याकडे आला होता. सेन्सर वाचणारं फंक्शन पॉइंटर घेतं, नीट वाचलं तर त्यात तापमान टाकतं, नाही वाचता आलं तर एरर कोड देतं आणि पॉइंटरला हात लावत नाही, जे योग्यच आहे. कॉल करणाऱ्याने एरर कोड तपासला नव्हता, पण वॉर्निंग येऊ नये म्हणून तापमान = ० मात्र इमानदारीत लिहिलं होतं. सेन्सरची वायर निघाली की डिस्प्लेवर ० डिग्री. आणि कोल्ड स्टोरेजमध्ये ० डिग्री कोणालाही खटकत नाही, ते तर हवंच असतं! तिथे ७३४१ डिग्री दिसलं असतं तर रात्रीच्या वॉचमननेही फोन केला असता. तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये डिक्लेरेशनला = ० दिसलं की मी एकच विचारतो, या शून्याचा अर्थ काय. उत्तर आलं तर ठीक, 'वॉर्निंग येत होती' असं आलं तर परत पाठवतो.

मिस्रा-सी नावाची गाडी-मेडिकल वगैरे क्षेत्रात चालणारी कडक नियमावली आहे, तिच्यात सुद्धा नियम ९.१ असा आहे की लोकल व्हेरिएबल सेट होण्याआधी वाचू नये, आणि तो मँडेटरी आहे, म्हणजे सूट नाही. पण 'डिक्लेअर करतानाच काहीतरी टाका' असं त्यात म्हटलेलं नाही. लोक मात्र तसंच वाचतात.

वॉर्निंग गप्प करायच्या नादात काय होऊ शकतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण डेबियन या लिनक्स सिस्टिमचं आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) पॅकेजबद्दल व्हॅलग्राइंड तक्रार करत होतं की अनइनिशियलाइज्ड मेमरी वापरली जातेय. शोध घेतल्यावर रँडम नंबर बनवणाऱ्या फाइलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी सापडल्या, दोन्ही कमेंट करून टाकल्या, तक्रार बंद. त्यातली एक ओळ काढली असती तर खरंच फार काही बिघडलं नसतं, ती कॉलरचा न भरलेला बफर मिसळत होती. पण दुसऱ्या ओळीतूनच सगळी खरी रँडमनेस आत येत होती. ती गेल्यावर बदलणारी गोष्ट म्हणून प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) तेवढा उरला, आणि तो जास्तीत जास्त ३२७६८. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका प्रकारच्या, एका साइझच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या साधारण तेवढ्याच बनू शकत होत्या, कोणीही बसून सगळ्या काढून ठेवाव्यात. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये, आणि मग डेबियन-उबुंटूवर मधल्या काळात बनवलेल्या एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या नि सर्टिफिकेट परत बनवत बसायची वेळ आली. टूल खोटं बोलत नव्हतं, ही व्हॅल्यू नेमकी कुठून येते हे शोधल्याशिवाय त्याला गप्प केलं गेलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. 'कदाचित'वाली वॉर्निंग खोटीही निघते, आणि बऱ्यापैकी निघते. तुमच्या कोडमध्ये तिसरी अट <= ५०० अशी बरोबर लिहिली असती तरी क्लँग तीच वॉर्निंग देणार होता, कारण तो आकड्यांच्या रेंज जुळवून बघत नाही, त्याला एवढंच दिसतं की शेवटचा इफ खोटा ठरू शकतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) तर याचा इतका वैताग झाला की २०२० मध्ये लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सने जीसीसीची ही वॉर्निंग नॉर्मल बिल्डला बंदच करून टाकली. त्याच वर्षी कर्नलमधला एक जुना मॅक्रोही काढला गेला, जो व्हेरिएबलला स्वतःचीच व्हॅल्यू द्यायचा, एक्स = एक्स असं, कारण त्याने जीसीसी फसतो आणि गप्प बसतो. काढायचं कारण हेच की त्याच्याआड खरे बग लपू शकतात. म्हणजे नवीन प्रोजेक्ट असेल तर पहिल्या दिवसापासून सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा, पण वीस वर्षांचा लाखो ओळींचा कोड अंगावर आला असेल तर एका शनिवारी बसून सगळीकडे = ० मारत सुटू नका, जी फाइल उघडाल तेवढी साफ करा.

सिक्युरिटीसाठी शून्य हवंच असेल तर तेही कंपायलरकडून घ्या. क्लँगमध्ये आधीपासून आणि जीसीसीमध्ये १२ पासून एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट असा लांबलचक फ्लॅग आहे. झिरो दिलं तर तुम्ही काही न दिलेली लोकल व्हेरिएबल्स तो शून्य करतो, पॅटर्न दिलं तर मुद्दाम विचित्र बाइट भरतो. मला आवडणारा भाग हा की जीसीसी याच्यानंतरही अशा व्हेरिएबलला अनइनिशियलाइज्डच समजतो, म्हणजे वॉर्निंग चालू राहते. डीबग बिल्डला पॅटर्न लावा, चूक लगेच डोळ्यात भरते.

तर तुमच्या कोडमध्ये करायचं काय. सगळ्यात सोपं, खालच्या मर्यादा काढून टाका. पहिली अट <= १००, खोटी ठरली म्हणजे शंभरच्या वरच आहे, मग परत > १०० कशाला विचारायचं? दुसरी <= ३००, तिसरी <= ५००, आणि उरलेल्यांना नुसता एल्स. फट राहायला जागाच उरत नाही आणि वॉर्निंग आपोआप जाते, खरी असो की खोटी.

त्याहून मला आवडणारी पद्धत, दर काढायचं वेगळं फंक्शन करा, युनिट आत, दर बाहेर, प्रत्येक ब्रांचमध्ये थेट रिटर्न. मग 'दर' नावाचं रिकामं व्हेरिएबलच उरत नाही, जिथे हवं तिथे एका ओळीत डिक्लेअर करून फंक्शनची व्हॅल्यू घ्यायची. आणि कुठली ब्रांच सुटली तर वेगळी वॉर्निंग येते, की फंक्शन काही रिटर्न न करता संपतंय. ही डब्ल्यू-ऑलमध्ये आहे आणि जीसीसी ती ओ-झिरोवरही देतो, म्हणजे तुमच्या कोडब्लॉक्समध्ये डब्ल्यू-ऑल टिक केलंत की मिळेल. सगळी व्हेरिएबल्स फंक्शनच्या वर एका गठ्ठ्यात डिक्लेअर करायची सवय ही टर्बो-सीची देणगी, जी अजून कित्येक लॅबमध्ये डॉसबॉक्समधून चालू आहे. सी-९९ पासून व्हेरिएबल मध्येच कुठेही डिक्लेअर करता येतं, व्हॅल्यू हातात आल्यावरच करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण कोडमध्ये दिसली म्हणून सांगतो. युनिट स्कॅनएफने घेताय आणि तो काय रिटर्न करतो ते बघत नाहीये. कोणी आकड्याऐवजी अक्षरं टाइप केली तर स्कॅनएफ ० देतो आणि युनिट जसंच्या तसं रिकामं राहतं. इथे अॅड्रेस दिलेला असल्यामुळे कंपायलर समजतो की आत कोणीतरी भरलं असेल, त्यामुळे ही वॉर्निंग ना जीसीसी देणार ना क्लँग. रिटर्न १ आहे का एवढं तपासा, नसेल तर मेसेज देऊन बाहेर पडा. युनिट = ० लिहून इथेही पळवाट काढू नका, शून्य युनिटचा ग्राहक खरोखर असू शकतो, घर बंद असतं लोकांचं.

कंपायलरला न दिसणारं असं काही पकडायला व्हॅलग्राइंड वापरा. ते विंडोजवर चालत नाही, डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाकून घ्या. जी फ्लॅग लावून कंपाइल करा, ट्रॅक-ओरिजिन्स चालू करा, म्हणजे रिकामी व्हॅल्यू कुठल्या फंक्शनच्या स्टॅकवर जन्मली तेही सांगतं. फक्त ते व्हॅल्यू नुसती कॉपी झाली तर बोलत नाही, तिच्यावरून एखाद्या इफचा निर्णय झाला किंवा ती बाहेर छापली जाऊ लागली की बोलतं, त्यामुळे रिपोर्टमधली ओळ आणि मूळ चूक यात अंतर असू शकतं. अॅड्रेस सॅनिटायझर यासाठी लावू नका, तो अनइनिशियलाइज्ड वाचन पकडत नाही, त्यासाठी मेमरी सॅनिटायझर वेगळा आहे आणि तो क्लँगमध्येच मिळतो.

एल्सवाला बदल केलात की १००, १०१, ३००, ३०१, ५०० आणि ५०१ एवढे सहा आकडे ओ-झिरो आणि ओ-टू दोन्हीवर चालवा आणि आउटपुट इथे टाका. आणि युनिट फ्लोटमध्ये घेतलं असेल तर १००.५ सुद्धा टाकून बघा.